फोटो हवा, बाजा नको?

गेले काही महिने आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक पोस्टर फिरतं आहे. ‘जगाला मुसलमानांनी काय दिलं?’ असा मथळा, हिरवी चौकट आणि आत दहा-बारा चेहरे. इब्न सीना, अल ख्वारिज्मी ही नेहमीची मंडळी वर. खाली खेळाडू आणि कलावंत. शेवटच्या ओळीत एक धिप्पाड कृष्णवर्णीय गृहस्थ हातात सॅक्सोफोन धरून उभे आहेत. नाव युसूफ लतीफ. पोस्टर पाठवणाऱ्यांनी खाली ‘माशाअल्लाह’ लिहिलं आहे.

ज्या गटांत हे पोस्टर आलं, त्यातल्याच एकात आमच्या भागातल्या जमातीचा ठरावही आला. लग्नात डीजे, बँड किंवा ‘कोणतंही वाद्य’ वाजलं तर इमामसाहेब तिथे निकाह पढवणार नाहीत. त्याखालीही ‘माशाअल्लाह’. पाठवणारे तेच.

मला या दोन माशाअल्लाहचा हिशेब मागायचा आहे.

डीजेबद्दल आधीच सांगून टाकतो, नाहीतर चर्चा तिकडेच वाहत जाईल. रस्ता अडवून उभ्या केलेल्या त्या भिंती, म्हाताऱ्यांच्या छातीत होणारी धडधड, त्यासाठी काढलेलं कर्ज, हे सगळं बंद झालं तर मी स्वतः दोन रकात शुकरान्याची नमाज पढेन. उधळपट्टीवर बंदी घाला. हुंडा घेणाऱ्याचा निकाह नाकारा (ते मात्र ठरावात कधी येत नाही, असो). माझा वाद ‘कोणतंही वाद्य’ या दोन शब्दांशी आहे. आणि तो मी युसूफ लतीफ यांच्या एका तबकडीच्या आधाराने घालणार आहे, कारण या गटांत त्यांना तुम्ही आणलंत, मी नाही.

तबकडीचं नाव ‘ईस्टर्न साउंड्स’. ५ सप्टेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, एंगलवुड क्लिफ्स इथल्या रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. एका दिवसाचं काम. वाजवणारे चौघेच. लतीफ स्वतः टेनर सॅक्सोफोन, ओबो आणि बासऱ्यांवर. पियानोवर बॅरी हॅरिस, बेसवर अर्नी फॅरो, ड्रमवर लेक्स हम्फ्रीज. नऊ रचना, मिळून चाळीसेक मिनिटं. प्रेस्टीज कंपनीने ती ‘मूड्सव्हिल’ या आपल्या शाखेतर्फे काढली. संध्याकाळी घरात मंद आवाजात लावून ठेवायच्या संगीतासाठी ही शाखा होती. म्हणजे कंपनीच्या लेखी हा गप्पांमागे वाजत राहणारा माल.

ऐकायला बसलात तर पहिल्याच मिनिटाला हा गैरसमज दूर होतो. ‘द प्लम ब्लॉसम’ या पहिल्या रचनेत सॅक्सोफोन नाहीच. लतीफ यांच्या हातात एक चिनी वाद्य आहे, हंसाच्या अंड्यासारखं गोलसर, पोकळ, बोटांसाठी भोकं पाडलेलं. त्यातून निघतात मोजून पाच सूर. इतका मोठा वादक, फुफ्फुसांत एवढी ताकद, आणि तो त्या पाच सुरांत मुकाट राहतो. मागे अर्नी फॅरो बेस बाजूला ठेवून रबाब छेडतात. नाव रबाब असलं तरी काबूलचा तो नक्षीदार रबाब डोळ्यांपुढे आणू नका. हे फार साधं तंतुवाद्य आहे, आणि त्याचा ठेका आपल्याकडच्या एकतारीच्या जवळचा वाटतो. मग हॅरिस यांचा पियानो येतो, आणि तोही त्या पाच सुरांचा मान ठेवून, कमीत कमी बोटांनी. मोठेपणा दाखवायची पहिली संधी चौघांनीही सोडून दिली आहे. मला या रचनेतली अदब फार आवडते. हो, अदबच, दुसरा शब्द मला सुचत नाही.

दुसरी रचना ‘ब्लूज फॉर द ओरिएंट’. इथे ओबो आहे. ओबो म्हणजे युरोपच्या वाद्यवृंदातलं दुहेरी पत्तीचं वाद्य. आपली सनईही दुहेरी पत्तीची, अरबांचा मिझमारही तसाच. (मिझमार हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.) साचा ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत राबणाऱ्या काळ्या माणसांनी घडवलेला. त्या साच्यात लतीफ ओबो असा फुंकतात, की सूर सरळ न जाता वळत, घसरत, थांबत जातो. आपल्या कानाला ते ओळखीचं वाटतं, पण ते आपलं नाही. ते डेट्रॉइटचं आहे.

डेट्रॉइट हे मोटारींचं शहर. लतीफ यांचा जन्म १९२० चा, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाचा. पण वाढले ते इथे. मूळ नाव विल्यम हडलस्टन. वडिलांनी आडनाव बदलून इव्हान्स केलं, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं ते बिल इव्हान्स म्हणून वाजवत होते. (त्याच नावाचा एक पियानोवादक पुढे जगप्रसिद्ध झाला. नाव वेळेत बदललं ते बरं झालं.) १९४८ साली त्यांनी इस्लाम स्वीकारला. १९४९ मध्ये डिझी गिलेस्पी यांच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवलं, मग डेट्रॉइटला परत येऊन क्रायस्लरच्या कारखान्यात नोकरी केली, वेन स्टेट विद्यापीठात शिकले आणि रात्री वाजवलं. रबाबची माहिती त्यांना मिळाली ती या कारखान्यात, सोबतच्या एका सीरियन कामगाराकडून. बाकीचं ग्रंथालयातून आणि शहरातल्या अरब दुकानांतून. ‘ईस्टर्न साउंड्स’मधली पूर्व ही अशी गोळा केलेली आहे: पाळीवर सोबत काम करणाऱ्या माणसाला विचारून.

म्हणून मला समीक्षकांचा तो ‘गूढ पूर्वेचा गंध’ वगैरे प्रकार मान्य नाही. उदबत्ती लावून ऐकायचं हे संगीत नव्हे. आपल्याकडचे काही मित्र तर ‘पूर्व’ हा शब्द दिसला की लगेच सातबारा काढतात: म्हणजे आपला वेदांतच की! लतीफ यांनी चीनचं अंडं उचललं, अरबांचा रबाब उचलला, युरोपचा ओबो उचलला आणि ब्लूज वाजवला. यात कुणाची मालकी शोधायची? अर्नी फॅरो यांची गोष्ट सांगतो. त्यांची सावत्र बहीण अ‍ॅलिस पुढे अ‍ॅलिस कोलट्रेन झाली, हार्पवर तिने विलक्षण काम केलं, हिंदू संन्यासमार्ग धरला आणि कॅलिफोर्नियात आश्रम काढला. भाऊ एका मुसलमानाच्या तबकडीवर रबाब वाजवतो, बहीण पुढे भजनं गाते. डेट्रॉइटच्या त्या घराला आपल्या पोस्टरांच्या चौकटी पुरणार नाहीत.

तबकडीत दोन सिनेमांच्या प्रेमधुना आहेत, आणि पोस्टरवाल्यांनी त्या दोन्हींवर थोडं थांबावं अशी माझी विनंती आहे. पहिली ‘स्पार्टाकस’ची, संगीतकार अ‍ॅलेक्स नॉर्थ. हा १९६० चा सिनेमा, रोमन साम्राज्याविरुद्ध उठलेल्या गुलामांचा. लतीफ ती ओबोवर वाजवतात, आणि या तबकडीतून जगभर काही पोहोचलं असेल तर ती ही चार मिनिटं. गुलामांच्या वंशातला माणूस गुलामांच्या बंडाची धून वाजवतो आहे, पण त्वेषाने नाही. जणू लढाई संपल्यावर कुणीतरी कुणाची तरी आठवण काढत बसलं आहे. दुसरी धून ‘द रोब’ची, आल्फ्रेड न्यूमन यांची. हा सिनेमा १९५३ चा आणि उघड ख्रिस्ती आहे: हजरत ईसांना सुळावर चढवल्यावर त्यांचं वस्त्र एका रोमन सैनिकाच्या वाट्याला येतं आणि त्याचं मन पालटतं. हजरत ईसा सुळावर गेलेच नाहीत, अशी आपली श्रद्धा. लतीफ यांचीही तीच. तरी त्यांनी ती धून घेतली आणि बासरीवर इतक्या हळुवारपणे वाजवली, की ऐकताना वाद घालावासा वाटत नाही. ज्याचं ईमान पक्कं असतं त्याला दुसऱ्याच्या गाण्याची भीती नसते, असं मला तेव्हा वाटतं.

बाकीच्या रचनांबद्दल फार लिहीत नाही. ‘डोंट ब्लेम मी’ हे जुनं प्रेमगीत टेनर सॅक्सोफोनवर आहे, रुंद आणि उबदार आवाजात. लतीफ यांचा मूळ आवाज ऐकायचा असेल तर तो इथे. ‘स्नाफू’ हा अमेरिकन फौजींचा शिवीवजा शब्द आहे, रचनाही तशीच धसमुसळी. शेवटची रचना ‘द थ्री फेसेस ऑफ बलाल’. नाव छापलं आहे बलाल, पण मुसलमान वाचकाला हजरत बिलाल (रजि.) आठवल्याशिवाय राहणार नाहीत: हबशी, गुलाम, आणि इस्लामचे पहिले मुअज्जिन. एवढा मान पैगंबर (स.) यांनी कुणाला दिला, तर ज्याचा आवाज चांगला होता त्याला.

आता आवाजाकडे आणि हराम-हलालकडे येऊ.

मनाईच्या बाजूची प्रमाणं मला ठाऊक आहेत. सुरा लुकमानमधला ‘लहवल हदीस’ म्हणजे गाणं, हे हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांचं मत सांगितलं जातं. बुखारीत ‘मआजिफ’ म्हणजे वाद्यं हलाल मानणाऱ्यांचा निषेध करणारी हदीस आहे. तिथे वाद्यांचा उल्लेख जिना, रेशीम आणि दारूच्या सोबतीने येतो. चारही मजहबांतल्या बहुतेक फकिहांनी वाद्यं नाकारली, हेही खरं. मी हे लपवत नाही. पण आपले वक्ते दुसरी बाजू लपवतात आणि माझी तक्रार ती आहे. कॉर्डोबाचे इब्न हज्म (निधन १०६४) त्या हदीसची साखळी तुटलेली आहे म्हणाले. इतर मुहद्दिसांनी त्यांना उत्तरं दिली. म्हणजे वाद झाला, पुस्तकं लिहिली गेली, हजार वर्षं माणसं भांडली. आमच्या भागात मात्र तो वाद व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत मिटतो.

मिझमार हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं होतं. हदीसच्या पुस्तकांत तो दोन ठिकाणी मोठ्या गमतीने येतो. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बकर (रजि.) आत आले आणि रागावले: पैगंबरांच्या घरात सैतानाचा मिझमार? त्यावर पैगंबर (स.) म्हणाले की राहू द्या त्यांना, प्रत्येक समाजाची ईद असते, आज आपली आहे. दुसरा प्रसंग हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांचा. त्यांचं कुराणपठण ऐकून पैगंबर (स.) यांनी त्यांना सांगितलं, की तुम्हाला दाऊदच्या घराण्यातला एक मिझमार मिळाला आहे. म्हणजे तोच शब्द एकदा सैतानाच्या नावाने उच्चारला गेला तेव्हा पैगंबरांनी गाणाऱ्यांची बाजू घेतली, आणि दुसऱ्यांदा खुद्द त्यांनीच कुराण पढणाऱ्या गळ्याची वाहवा करायला तो वापरला. आलिम म्हणतील, दुसऱ्या ठिकाणी अर्थ वाद्य नाही, गोड आवाज आहे. बरोबर. पण वाद्य ही मुळातच घाण गोष्ट असती, तर कुराणाच्या आवाजाला तिची उपमा दिली असती का? दारूची कुणी दिली आहे?

आणि इमाम गझाली. त्यांचं नाव आपल्या प्रत्येक बयानात येतं, पण ‘इह्या उलूमुद्दीन’मधलं समाअवरचं प्रकरण कुणी उघडत नाही. गझालींनी तिथे मांडणी केली आहे, की गोड आवाज ऐकणं केवळ गोड आहे म्हणून हराम होऊ शकत नाही, नाहीतर बुलबुलही हराम ठरेल. पुढे त्यांनी तंतुवाद्यं आणि फुंकून वाजवायची काही वाद्यं मना केली, हे खरं. पण का? तर ती दारू पिणाऱ्यांच्या बैठकींची खूण झाली आहेत म्हणून. इल्लत दारूची आहे, सुराची नाही. मदरशात चार वर्षं काढलेल्या पोरालाही इल्लत आणि हुक्म यांचं नातं समजतं: कारण गेलं की हुकुमाचा पुन्हा विचार करावा लागतो.

आता लतीफ यांच्याकडे पाहा. त्यांचं सगळं आयुष्य अमेरिकेतल्या अशा क्लबांत गेलं, जिथे संगीत हे दारू खपवण्याचं साधन होतं. पोट त्यावर चालायचं. १९८० च्या सुमारास त्यांनी जाहीर केलं, की जिथे दारू दिली जाते तिथे मी वाजवणार नाही. ‘जॅझ’ हा शब्दही त्यांनी नाकारला, कारण त्याच्या मुळाशी असलेले अश्लील अर्थ त्यांना नको होते. आपल्या संगीतासाठी त्यांनी स्वतःच एक लांबलचक शब्द घडवला. त्याचा आशय असा की शरीर, मन आणि रूह या तिन्हींतून येणारं संगीत. चेष्टा झाली, पण ते हटले नाहीत. गझालींनी ज्या कारणासाठी बाजा मना केला होता, ते कारण एका सॅक्सोफोनवाल्याने स्वतःच्या रोजीवर पाणी सोडून तोडलं, आणि बाजा ठेवला. इज्तिहाद आणखी कशाला म्हणतात? आमच्या ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी कुणी आपल्या धंद्यातली एक तरी कमाई अशी सोडली आहे का, हे मी विचारत नाही. ज्याचं त्याने पाहावं.

या ठरावाने मरतो कोण, तेही सांगतो. डीजेवाला मरत नाही. तो वरातीऐवजी हळदीला वाजवतो, आमच्यात नाही तर दुसऱ्यांत वाजवतो. मरतो बँडवाला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बँडमध्ये पाहा: मातंग, होलार आणि मुसलमान. क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. होय, तोच सॅक्सोफोन. पोस्टरवरच्या माणसाच्या गळ्यात आहे तोच, फक्त पितळ काळं पडलेलं आणि पॅडच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे. त्याच्या गणवेशाला झालर असते, म्हणून त्याला हसायचं. लग्नाच्या पंगतीत त्याला शेवटी वाढायचं. आणि आता त्याला सांगायचं, की तुझ्या बापजाद्यांची रोजी हराम होती.

हे फतव्याच्या भाषेत बोललेलं असलं तरी आतून ते जातीचं बोलणं आहे. मिरासी, डफाली, नगारची ही आपल्यातल्या वाजवणाऱ्या बिरादऱ्यांची नावं. शिवीसारखी वापरली जातात हे सगळ्यांना माहीत आहे. सय्यद-पठाणांच्या घरी मुलगी देताना ‘वाजवणाऱ्यांत नको’ असं म्हणतात, तेव्हा कुणी बुखारीचा हवाला देत नाही. हवाला नंतर शोधला जातो.

उस्ताद मात्र चालतात. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत दफन आहेत, मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या नावाने गाणं-बजावणं होतं, आणि तो फोटो आपण ‘गंगाजमनी तहजीब’ म्हणून पाठवतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ते घडवणारे मुसलमान कारागीर आहेत हे आपणच छाती फुगवून सांगितलं. भोपळा कोरणारा हात आपला, पण त्यावर तार चढली की हराम? की मोठ्या घरात, मोठ्या तिकिटाला, दुसऱ्यांसमोर वाजलं तर हलाल आणि गल्लीत वाजलं तर हराम?

आता त्या प्रतिक्रियेकडे येतो जी मला सर्वांत जास्त खुपली. लतीफ यांचं पोस्टर फिरायला लागून आठवडा झाला असेल, आणि कुणीतरी खाली लिहिलं, ‘हा तर कादियानी.’ झालं. चार दिवसांत पोस्टरची नवी आवृत्ती आली. लतीफ गायब, त्यांच्या जागी मुहंमद अली. मुहंमद अली मला फार प्रिय आहेत. पण ज्यांनी ही अदलाबदल केली त्यांना एवढं तरी माहीत असावं, की १९६४ साली अली ज्या ‘नेशन ऑफ इस्लाम’मधून आले, तिचे नेते एलायजा मुहंमद यांना अनुयायी अल्लाहचा दूत मानत होते. अली सुन्नी इस्लामकडे आले ते दहाएक वर्षांनी. अकिद्याच्या चाळणीतून गाळायचंच असेल तर नीट गाळा. नाहीतर बॉक्सरला एक माप आणि बाजेवाल्याला दुसरं, असं दिसतं.

लतीफ अहमदिया जमातीचे होते आणि शेवटपर्यंत, २०१३ साली वयाच्या ९३ व्या वर्षी वारले तोवर, तिथेच राहिले. हे लपवून त्यांना पोस्टरवर घेणं जितकं खोटं, तितकंच हे कळल्यावर त्यांना पुसून टाकणं क्षुद्र आहे. मी सुन्नी घरातला आहे. हजरत मुहंमद (स.) हे अखेरचे पैगंबर यावर माझं ईमान आहे आणि मिर्झा गुलाम अहमद यांचा दावा मला मान्य नाही. एवढं स्पष्ट सांगून पुढचं बोलतो.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या दारापर्यंत इस्लाम पोहोचवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मोठमोठ्या दारुल उलूमांतून कोण गेलं? पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या कादियानहून मुफ्ती मुहंमद सादिक नावाचे गृहस्थ १९२० साली बोटीने फिलाडेल्फियाला उतरले. बहुपत्नीत्वाच्या संशयावरून त्यांना काही आठवडे अडकवून ठेवलं गेलं. सुटल्यावर त्यांनी काळ्या वस्त्यांत जाऊन सांगितलं, की आमच्या सफेत रंग पाहून उभं करत नाहीत. १९२१ मध्ये त्यांनी एक इंग्रजी नियतकालिकही काढलं. या बीजाचं झाड १९४० नंतर संगीतकारांत फोफावलं: आर्ट ब्लेकी, अहमद जमाल, साहिब शिहाब, मकॉय टायनर. जॉन कोलट्रेन यांनी १९६४ च्या डिसेंबरात, त्याच व्हॅन गेल्डर स्टुडिओत, ‘अ लव्ह सुप्रीम’ ही तबकडी केली तेव्हा पियानोवर हेच टायनर होते. मुसलमान म्हणून त्यांचं नाव सुलेमान सऊद.

कुणी म्हणतं, ही माणसं सोयीसाठी मुसलमान झाली. डिझी गिलेस्पी यांनी आपल्या १९७९ च्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे, की मुसलमान नाव घेतलं की काही वादकांच्या ओळखपत्रावर ‘काळा’ ऐवजी ‘गोरा’ अशी नोंद व्हायची आणि बंद हॉटेलांची दारं उघडायची. असेल. १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारणाऱ्यांनाही लोकांनी हेच विचारलं होतं. अपमानातून बाहेर पडायला माणूस दीन शोधत असेल तर त्या दीनची ती कमाई आहे. हजरत बिलाल (रजि.) कुठून आले होते?

अकिद्याचा मतभेद अकिद्याच्या जागी राहू द्या. पण माणूस पुसण्याचा हा खेळ कुठे जातो, ते पाकिस्तानात दिसलं आहे. १९७४ साली घटनादुरुस्ती करून अहमदींना गैरमुस्लीम ठरवलं. १९८४ च्या अध्यादेशाने त्यांना आपल्या इबादतगाहला मशीद म्हणणं, अजान देणं हा गुन्हा ठरला. नोबेल मिळवणारे पदार्थवैज्ञानिक अब्दुस सलाम १९९६ मध्ये वारले, आणि त्यांच्या कबरीच्या दगडावरून ‘मुस्लीम’ हा शब्द खरवडून काढला. दगडावर आता एक रिकामी जागा आहे. भारतात १९७० साली केरळ उच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनी अहमदी हे कायद्याने मुसलमानच आहेत, असा निकाल दिला. आपल्याला सकाळ-संध्याकाळ देशभक्तीचं प्रमाणपत्र मागितलं जातं, त्याचा आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे. मग आपल्याहून लहान असलेल्यांसाठी आपणही एक टेबल टाकून बसायचं आणि प्रमाणपत्रं वाटायची? मुलाखत घेणारे तुम्ही, शिक्का तुमचा, आणि रांगेत उभा एक वारलेला सॅक्सोफोनवाला, ज्याने तुमच्याकडे काही मागितलंच नाही.

जमातीची पुढची बैठक या महिन्याच्या शेवटच्या जुम्याला, असर नंतर आहे. मी जाणार आहे. माझी मागणी लेखी दिली आहे आणि ती दोन ओळींची आहे. ठरावातून ‘बँड’ आणि ‘कोणतंही वाद्य’ हे शब्द काढावेत. त्या जागी आवाजाची मर्यादा, वेळेची मर्यादा आणि हुंडा घेणाऱ्याचा निकाह न पढवण्याचं कलम घालावं. आमच्या भागातल्या बँडचे दोन सॅक्सोफोनवाले त्याच मशिदीत पाच वक्त येतात. त्यांनाही बैठकीचं बोलावणं जावं, असं मी सदरसाहेबांना सांगितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.